घोडेस्वार सेनापती : तादेउश कोमोरोव्स्की

इतिहासात काही माणसांचे अवघे आयुष्य एका दिवसाच्या नावावर जमा होते. पोलंडचे जनरल तादेउश कोमोरोव्स्की हे अशांपैकी एक होत. ३१ जुलै १९४४ च्या सायंकाळी त्यांनी वॉर्सा शहरातील सशस्त्र उठावाची आज्ञा दिली. त्यानंतर त्रेसष्ट दिवस ते शहर लढले, जळले आणि शेवटी रिकामे झाले. दीड ते दोन लाख नागरिक प्राणास मुकले. तेव्हापासून कोमोरोव्स्कींविषयी जे काही लिहिले गेले, ते या एका आज्ञेभोवतीच फिरत राहिले आहे. कुणी त्यांना राष्ट्रवीर म्हटले, तर कुणी राजधानीच्या नाशाचा दोष त्यांच्या माथी मारला.

मात्र त्या सायंकाळी कोमोरोव्स्की एकोणपन्नास वर्षांचे होते, आणि प्रौढ आयुष्याचा बहुतेक काळ त्यांनी घोड्याच्या पाठीवर घालवला होता. स्वतंत्र पोलंडने आपला पहिला संघ ऑलिंपिकला पाठवला, तेव्हा त्या संघातील घोडेस्वारांमध्ये ते होते. पुढे बारा वर्षांनी बर्लिनमध्ये पोलंडच्या स्वारांनी रौप्यपदक मिळवले, तेव्हा त्या संघाचे प्रमुखपद त्यांच्याकडे होते. सेनापतीची कहाणी सांगताना घोडेस्वाराची ही कहाणी बहुधा एका ओळीत आटोपली जाते. माझ्या मते ती जरा सविस्तर पाहिली, तर त्या एका सायंकाळचा माणूसही अधिक नीट दिसू लागतो.

तीन साम्राज्यांचे घोडदळ

तादेउश कोमोरोव्स्कींचा जन्म १ जून १८९५ रोजी खोरोब्रूव या गावी झाला. हा भाग त्या वेळी ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यातील गॅलिशिया प्रांतात मोडत असे; आज तो युक्रेनमध्ये आहे. पोलंड नावाचा देश तेव्हा नकाशावर नव्हता. १७९५ साली रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रिया या तीन सत्तांनी त्याचे उरलेसुरले लचके तोडून आपापसांत वाटून घेतले होते. पोलिश माणसाला सैनिक व्हायचे असेल, तर या तिघांपैकी एका परक्या सम्राटाचा गणवेश चढवण्यावाचून गत्यंतर नव्हते. कोमोरोव्स्कींनी व्हिएन्ना येथे लष्करी शिक्षण घेतले आणि पहिल्या महायुद्धात ऑस्ट्रियाचे अधिकारी म्हणून ते रशियन व इटालियन आघाड्यांवर लढले. समोरच्या रशियन सैन्यातही पोलिश होतेच. भावाने भावावर नेम धरावा अशी ती अवस्था होती.

नोव्हेंबर १९१८ पर्यंत तिन्ही साम्राज्ये कोसळली होती आणि १२३ वर्षांनंतर पोलंड पुन्हा उभा राहिला. नव्या राष्ट्राने सैन्य उभारले, ते तीन वेगवेगळ्या सैन्यांतून आलेल्या माणसांचे. घोडदळाची गंमत अशी की प्रत्येकाची घोड्यावर बसण्याची रीत निराळी, आज्ञेचे शब्द निराळे, लगाम धरण्याची पद्धतही निराळी. ग्रोद्नो येथे जन्मलेले कारोल रुम्मेल हे तर १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये रशियाच्या झारतर्फे उतरलेले स्वार; आता ते पोलंडचे अधिकारी झाले. ल्वूव येथे जन्मलेले आदाम क्रुलिकिएविच पिल्सूद्स्कींच्या स्वयंसेवक पथकांतून आले. कोमोरोव्स्की ऑस्ट्रियाच्या शाळेतील. या सर्वांना एका साच्यात घालण्याचे काम उत्तरेकडील ग्रुजोंत्स येथील घोडदळ शाळेने केले. उडीच्या वेळी स्वाराने मागे रेलून लगाम खेचू नये, पुढे झुकावे, घोड्याच्या मानेला मोकळीक द्यावी आणि त्याच्या गतीशी आपले अंग जुळवावे, ही इटालियन घोडेस्वार काप्रिली यांची पद्धत तेथे रुजली. तोवरच्या जुन्या शिकवणीत स्वार घोड्यावर सत्ता गाजवी. या नव्या पद्धतीत त्याने घोड्यावर विश्वास टाकायचा होता.

तथापि स्थिरस्थावर होण्याआधीच नवे युद्ध उभे ठाकले. १९२० साली बोल्शेविक सैन्य वॉर्साच्या वेशीपर्यंत आले. ऑगस्टच्या मध्यास व्हिस्तुला नदीकाठी त्याला मागे रेटण्यात आले. मातेच्या स्वर्गोन्नयनाचा सण त्याच दिवसांत येत असल्याने पोलिश भाविकांनी या विजयाला ‘व्हिस्तुलाचा चमत्कार’ असे नाव दिले. त्यानंतर पंधरवड्याने, ३१ ऑगस्टला, कोमारूव या गावाजवळ पोलिश उलान पथके आणि बुद्योनीचे लाल घोडदळ यांची गाठ पडली. हजारो घोडेस्वार तलवारी व भाले घेऊन समोरासमोर भिडले, अशी ती युरोपातील बहुधा अखेरची मोठी लढाई. पंचवीस वर्षांचे कोमोरोव्स्की तेथे बाराव्या उलान रेजिमेंटचे नेतृत्व करीत होते. ते जखमी झाले, पण त्यांनी पथक सोडले नाही. पोलंडचा सर्वोच्च लष्करी सन्मान, ‘विर्तुती मिलितारी’, त्यांना मिळाला.

पॅरिस, १९२४

युद्ध सरल्यावर घोडदळाच्या अधिकाऱ्याला आपले कसब दाखवण्यास एकच मैदान उरते, ते म्हणजे स्पर्धेचे. १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये पोलंड प्रथमच स्वतंत्र राष्ट्र म्हणून उतरला. घोडेस्वारीसाठी गेलेल्या संघात कोमोरोव्स्कींचा समावेश होता. ते उतरले तीन दिशांनी कस पाहणाऱ्या स्पर्धेत. या प्रकाराची मुळे थेट लष्करात होती.

ही स्पर्धा काय असते, हे थोडे सांगितले पाहिजे. कारण आपल्याकडे घोड्यांची शर्यत म्हटली की केवळ वेग डोळ्यांसमोर येतो. येथे एकाच स्वाराने एकाच घोड्यावर अनेक दिवसांत तीन परीक्षा द्यायच्या असतात. पहिली शिस्तीची. आखीव चौकटीत घोड्याने स्वाराच्या नुसत्या मांडीच्या दाबावर, जवळजवळ न दिसणाऱ्या इशाऱ्यावर चालावे, वळावे, थांबावे. दुसरी दमाची. अनेक मैलांचा रस्ता, मग भरधाव दौड, मग शेते, ओढे, कुंपणे, चर आणि ओंडके यांतून जाणारा खडतर मार्ग. तिसरी उड्यांची. आदल्या दिवशी थकून गेलेला घोडा मैदानात आणायचा आणि लाकडी दांड्यांवरून त्याला न चुकता उडवायचे. लढाईत निरोप घेऊन जाणाऱ्या अधिकाऱ्याच्या घोड्यात जे गुण हवेत, ते सारे या तीन परीक्षांत तपासले जातात. घोडा आज्ञाधारक हवा, दमदार हवा, आणि कालच्या श्रमानंतर आज पुन्हा उभा राहणारा हवा. आरंभी घोड्याला पळवून टाकणारा स्वार येथे हरतो. शेवटच्या दिवसासाठी त्याचे बळ राखून ठेवणारा तरतो.

कोमोरोव्स्की त्या स्पर्धेत सव्विसावे आले. पोलंडचा संघ सातवा आला. रुम्मेल यांनी दहावा क्रमांक पटकावून संघाची लाज राखली. यशाच्या तराजूत घातले तर हे फार नव्हे. त्याच ऑलिंपिकच्या अखेरीस, २७ जुलैला, क्रुलिकिएविच यांनी ‘पिकाडोर’ या घोड्यावर उड्यांच्या स्पर्धेत कांस्यपदक मिळवले. वैयक्तिक स्पर्धेत पोलंडला मिळालेले ते पहिलेच ऑलिंपिक पदक, म्हणून साहजिकच सर्वांच्या तोंडी त्यांचे नाव झाले. कोमोरोव्स्कींचा सव्विसावा क्रमांक नोंदवहीत राहिला.

तरीही त्यांच्या घडणीत या काळाचे महत्त्व आहे. १९२४ नंतर त्यांचे काम प्रामुख्याने दुसऱ्यांना घडवण्याचे झाले. १९२८ साली त्यांच्याकडे पूर्वेकडील त्रेंबोव्ला या छोट्या गावातील नवव्या उलान रेजिमेंटचे नेतृत्व आले आणि दहा वर्षे ते तेथेच राहिले. पागेची पाहणी, रंगरुटांची कवायत, तरुण अधिकाऱ्यांची तालीम, जवळपासच्या स्पर्धा यांत त्यांचा दिनक्रम गेला. सडपातळ अंगाचे, मितभाषी, आवाज न चढवणारे असे हे अधिकारी होते. त्यांच्या टीकाकारांना हा सौम्यपणा पुढे दुबळेपणा वाटला; सोबत राहिलेल्यांना तो सभ्यपणा वाटे. १९२८ च्या अ‍ॅम्स्टरडॅम ऑलिंपिकमध्ये या तीन परीक्षांच्या प्रकारात पोलंडला सांघिक कांस्यपदक मिळाले. वॉर्साच्या वाझेन्की उद्यानातील मैदानावर १९२७ पासून आंतरराष्ट्रीय सामने भरू लागले. तीन साम्राज्यांतून आलेल्या त्या विस्कळीत घोडदळाला दहा वर्षांच्या आत जगात नाव मिळाले होते.

बर्लिनचे तळे

ऑगस्ट १९३६. हिटलरच्या राजधानीत ऑलिंपिक भरले होते. पोलंडच्या घोडेस्वारांचे प्रमुख म्हणून कोमोरोव्स्की तेथे गेले. त्यांच्या हाताखाली तीन स्वार होते : हेन्रिक लेलिवा-रॉइत्सेविच, झ्जिस्वाव कावेत्स्की आणि सेवेरिन कुलेशा. त्यांचे घोडे अनुक्रमे आर्लेकिन, बाम्बिनो आणि तोश्का. नियम असा होता की संघातील तिघांच्या तिघांनी तिन्ही परीक्षा पुऱ्या केल्या, तरच संघ गणनेत धरला जाई. एक जरी गळाला, तरी बाकी दोघांची मेहनत पाण्यात.

शहराबाहेर द्योबेरित्स येथे खडतर मार्गाची परीक्षा झाली. त्या मार्गावरचा चौथा अडथळा पुढे कुप्रसिद्ध झाला. वरकरणी तो साधाच होता. एक कुंपण, आणि ते ओलांडताच पलीकडे पाण्याचे तळे. स्पर्धक अडथळ्यांचा मार्ग आधी पायी फिरून पाहतो. कुंपणाची उंची मोजता येते, जमीन टणक की मऊ हे पायाखाली कळते. तळ्याचा तळ मात्र पाहता येत नाही. पाणी अपेक्षेपेक्षा खोल होते आणि तळाशी चिखल होता. एकामागून एक घोडे उडी मारून आत पडले, धडपडले, उलटले. निम्म्याहून अधिक स्वारांची तेथे दैना उडाली. जर्मनीच्या वांगेनहाइम यांचे गळपट्टीचे हाड मोडले. तरी ते पुन्हा घोड्यावर चढून शेवटपर्यंत गेले, दुसऱ्या दिवशी हात गळ्यात बांधून उड्यांना उतरले, आणि जर्मनीचे सुवर्ण वाचले. यजमानांना तळ्याचा तळ आधीच ठाऊक होता की काय, अशी कुजबुज पुढे कित्येक वर्षे चालू राहिली.

चौदा संघांपैकी केवळ चार संघ पूर्ण उरले. पोलंडचा संघ त्यांत दुसरा. वैयक्तिक क्रमवारीत तिन्ही पोलिश स्वारांपैकी एकही पहिल्या दहांत नव्हता. रौप्यपदक मिळाले ते तिघेही शेवटपर्यंत टिकले म्हणून. तिसऱ्या आलेल्या ब्रिटनच्या खात्यावर दंडाचे गुण नऊ हजारांवर गेले होते, पोलंडच्या खात्यावर ते एक हजाराच्या आत राहिले. बारा वर्षांपूर्वी पॅरिसला सव्विसाव्या आलेल्या स्वाराने आपल्या हाताखालच्यांना जे शिकवले असेल, त्याचा हा पुरावा म्हणता येईल. एकट्याने चमकण्यापेक्षा सर्वांनी मिळून शेवट गाठणे ही ती शिकवण होती.

घोड्यांचा अस्त

१९३८ मध्ये कोमोरोव्स्कींची नेमणूक ग्रुजोंत्स येथील घोडदळ प्रशिक्षण केंद्राचे प्रमुख म्हणून झाली. दुसऱ्या वर्षीच्या १ सप्टेंबरला जर्मन सैन्य पोलंडमध्ये घुसले.

पोलिश घोडेस्वार भाले परजत जर्मन रणगाड्यांवर चालून गेले, अशी एक गोष्ट आपल्याकडेही अनेकांनी ऐकली असेल. ती खरी नव्हे. क्रोयांती येथे ग्रुजोंत्सच्याच अठराव्या उलान रेजिमेंटने जर्मन पायदळावर हल्ला केला आणि त्याला विखुरले. मग अचानक आलेल्या चिलखती गाड्यांच्या गोळीबारात ते सापडले. दुसऱ्या दिवशी ते रणांगण परदेशी वार्ताहरांना दाखवण्यात आले आणि त्यातून ही कथा जन्मली. नाझी प्रचाराला ती सोयीची होती, कारण शूर पण मूर्ख असे पोलिशांचे चित्र त्यातून रंगवता येई. वास्तवात पोलिश उलान बहुधा घोड्यावरून प्रवास करीत आणि पायउतार होऊन लढत. पण हे खरे की घोड्यांचे युग त्या महिन्यात संपले. १७ सप्टेंबरला पूर्वेकडून सोव्हिएत सैन्यही आत आले आणि पोलंडचे पुन्हा दोन तुकडे झाले.

कोमोरोव्स्की पकडले गेले नाहीत. देशाबाहेर निसटण्याचा बेत सोडून ते क्राकूवला आले आणि खोट्या नावाने भूमिगत संघटनेच्या कामाला लागले. १९४१ मध्ये ते वॉर्सात आले आणि ‘आर्मिया क्रायोवा’, म्हणजे गृहसेना, असे पुढे नाव पडलेल्या या भूमिगत सैन्याचे उपप्रमुख झाले. ३० जून १९४३ रोजी गृहसेनेचे सेनापती रोवेत्स्की यांना गेस्टापोने पकडले आणि जबाबदारी कोमोरोव्स्कींवर आली. त्यांनी घेतलेले टोपणनाव ‘बूर’, म्हणजे अरण्य. उघड्या मैदानात, हजारो डोळ्यांसमोर घोडा दौडवणाऱ्या माणसाला आता चेहरा लपवून, भाड्याच्या खोल्या बदलत, चिठ्ठ्यांतून लाखो माणसांचे सैन्य चालवायचे होते.

बर्लिनच्या त्या तीन रौप्यविजेत्यांची दैवे तोवर तीन दिशांना पांगली होती. कावेत्स्की सोव्हिएत कैदेत पडले आणि १९४० साली कातिनच्या अरण्यात हजारो पोलिश अधिकाऱ्यांसोबत त्यांची हत्या झाली. कुलेशा जर्मनांच्या युद्धकैद्यांच्या छावणीत होते. पुढे ते ऑस्ट्रेलियात स्थायिक झाले. लेलिवा-रॉइत्सेविच मात्र वॉर्सात, गृहसेनेत होते. संघप्रमुख आणि स्वार पुन्हा एकदा एकाच लढ्यात उतरणार होते.

नदीपलीकडचे न दिसणारे

१९४४ च्या जुलै महिन्यात सोव्हिएत सैन्य व्हिस्तुलाच्या दिशेने वेगाने येत होते. पोलंडच्या देशभक्तांपुढे विचित्र पेच उभा होता. जर्मनांना हुसकून लावायचे, तर सोव्हिएतांची मदत हवी. परंतु सोव्हिएत आले म्हणजे स्वातंत्र्य आले, असे मुळीच नव्हते. विल्नो शहर मुक्त करताना गृहसेनेने लाल सैन्याला मदत केली, आणि लढाई संपताच तिच्या अधिकाऱ्यांना अटक झाली. लुब्लिनमध्ये मॉस्कोच्या मर्जीतील समिती स्थापन झाली होती. वॉर्सा पोलिशांनी स्वतः मुक्त केले, तर तेथे स्वतंत्र पोलंडचे शासन रशियनांचे स्वागत यजमान म्हणून करू शकेल. हातावर हात ठेवून बसले, तर जग म्हणेल की या लोकांनी लढण्याची इच्छाच दाखवली नाही. असा तो विचार होता.

३१ जुलैला दुपारच्या बैठकीत उठाव लगेच करू नये, असे ठरले होते. सायंकाळी वॉर्सा विभागाचे प्रमुख ख्रुश्चेल बातमी घेऊन आले की सोव्हिएत रणगाडे नदीपलीकडच्या प्रागा उपनगराच्या बाहेर दिसले आहेत. लंडनमधील सरकारचे प्रतिनिधी यान्कोव्स्की यांना बोलावण्यात आले. त्यांची संमती घेऊन कोमोरोव्स्कींनी दुसऱ्या दिवशी सायंकाळी पाच वाजता उठाव करण्याची आज्ञा दिली. ती बातमी अर्धवट होती. रणगाड्यांची एक तुकडी पुढे आली होती खरी, पण जर्मनांनी तिच्यावर प्रतिहल्ला चढवला होता. हे कळले तोवर आज्ञा सुटली होती आणि संचारबंदी सुरू झाली होती.

येथे बर्लिनच्या तळ्याची आठवण झाल्यावाचून राहत नाही. कुंपणाशी आलेल्या स्वाराने मनात किंतु आणला, तर तो घोड्याला पाठीतून लगेच कळतो आणि घोडा बिचकतो. म्हणून पुढे जायचे ठरले की ठरले, हे स्वाराच्या अंगात मुरलेले असते. कोमोरोव्स्कींच्या आज्ञेत या सवयीचा वाटा किती, हे कोण सांगणार? तरीही एक फरक नजरेआड करता येत नाही. मैदानावर तळ दिसला नाही, तर एक घोडा आणि एक स्वार पडतो. वॉर्सात लाखो माणसे होती, आणि त्यांच्यापैकी फारच थोड्यांनी त्या मार्गावर नाव नोंदवले होते.

त्रेसष्ट दिवस

१ ऑगस्टला, मंगळवारी, पाच वाजता शहरभर गोळीबार सुरू झाला. चाळीस हजारांहून अधिक स्त्री-पुरुष उठावात होते. शस्त्रे त्यांच्यातील थोड्यांकडेच होती. पहिल्या दिवसांत शहराचा मोठा भाग हाती आला, घरांवर लाल-पांढरे निशाण फडकले. पण मोक्याचे पूल आणि विमानतळ जर्मनांच्या हातीच राहिले. मग सूड सुरू झाला. व्होला या उपनगरात ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात घरोघरच्या माणसांना, बायकामुलांना, इस्पितळांतील रुग्णांना बाहेर काढून मारण्यात आले. त्या काही दिवसांतील मृतांचा अंदाज चाळीस ते पन्नास हजार इतका आहे. जुन्या शहरात सेंट जॉन कॅथेड्रलच्या आत, वेदी आणि बाकांच्या आडोशाने, हातघाईची लढाई झाली. जुने शहर सोडावे लागले, तेव्हा लढवय्ये गटारांच्या भुयारांतून, कंबरभर घाणीतून, वाकून चालत मध्य शहरात पोहोचले. खुद्द सेनापती आणि त्यांचे सहकारीही ऑगस्टच्या अखेरीस त्याच मार्गाने गेले.

लेलिवा-रॉइत्सेविच यांच्या हाती ‘किलिन्स्की’ बटालियन होती. २० ऑगस्टला तिने दूरध्वनी केंद्राची उंच इमारत जर्मनांकडून हिसकावून घेतली. उठावातील हा मोठ्या अभिमानाने आठवला जाणारा विजय. बर्लिनला आर्लेकिनवर बसून ज्याने संघाला पदक मिळवून दिले, तो स्वार आता आपल्या त्याच प्रमुखाच्या हुकमतीखाली पायी लढत होता.

सोव्हिएत सैन्य सप्टेंबरच्या मध्यास प्रागात आले आणि नदीकाठी थांबले. तेथून पोलिश तुकड्यांनी नदी ओलांडण्याचा प्रयत्न केला, तो फसला. इटलीतून उडणाऱ्या विमानांनी शस्त्रे आणि औषधे टाकली. स्टालिनने त्या विमानांना आपल्या भूमीवर उतरण्याची परवानगी कित्येक आठवडे नाकारली. अन्न संपले, पाणी संपले. २ ऑक्टोबरला शरणागतीच्या करारावर सह्या झाल्या.

या कराराकडे चरित्रकारांचे लक्ष कमी जाते. गृहसेनेच्या सैनिकांना दरोडेखोर नव्हे, तर जिनिव्हा कराराप्रमाणे युद्धकैदी मानावे, ही अट त्यात मान्य करून घेण्यात आली. दोन महिन्यांपूर्वी जे हाती सापडताच भिंतीशी उभे केले जात, त्यांना आता कायद्याचे संरक्षण मिळाले. त्यांत हजारांहून अधिक स्त्रिया होत्या. उठावात लढणारे सुमारे सोळा हजार जण गेले होते. उरलेल्यांना तरी घेऊन शेवटच्या खांबापर्यंत पोहोचणे एवढेच सेनापतीच्या हाती होते, आणि तेवढे त्यांनी केले. ५ ऑक्टोबरला ते आपल्या सैनिकांबरोबर कैदेत गेले. मागे राहिलेले शहर जर्मनांनी घर-घर मोजून पेटवले आणि सुरुंगांनी उडवले.

परदेशातील उतारवय

कोमोरोव्स्कींना अखेर कोल्डित्सच्या किल्ल्यात ठेवण्यात आले; मे १९४५ मध्ये ते सुटले आणि लंडनला पोहोचले. मायदेशी परतण्याचा प्रश्नच नव्हता. त्या बैठकीतील यान्कोव्स्की, तसेच गृहसेनेचे अखेरचे सेनापती ओकुलित्स्की यांच्यावर मॉस्कोत खटला भरला गेला आणि दोघेही सोव्हिएत तुरुंगात मरण पावले. वॉर्साच्या भिंतींवर एक भित्तिचित्र लागले होते. त्यात एक धिप्पाड सैनिक होता आणि त्याच्या पायाशी गृहसेनेची पाटी गळ्यात अडकवलेला एक किळसवाणा बुटका. लेलिवा-रॉइत्सेविच परतले, आणि नव्या राजवटीने त्यांनाही तुरुंगात टाकले.

कोमोरोव्स्कींचे जन्मगावही आता पोलंडमध्ये उरले नव्हते. तो सारा पूर्व भाग सोव्हिएत संघाकडे गेला होता. या वियोगाची झळ आपल्या महाराष्ट्रानेही जवळून पाहिली आहे. याच पूर्व भागातून सायबेरियाकडे हाकलले गेलेले आणि इराणमार्गे बाहेर पडलेले सुमारे पाच हजार पोलिश, बहुतेक स्त्रिया व मुले, १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळच्या वळिवडे येथील छावणीत राहिले. तेथे त्यांनी चर्च आणि शाळा उभारल्या. युद्ध संपले, तेव्हा त्यांच्यापुढेही तोच प्रश्न उभा राहिला, की जावे कोठे? सेनापतीपाशी त्याचे उत्तर नव्हते, आणि त्या मातांपाशीही नव्हते.

१९४७ ते १९४९ या काळात कोमोरोव्स्की परदेशस्थ पोलिश सरकारचे पंतप्रधान होते. पण त्या सरकारची मान्यता ब्रिटन व अमेरिकेने १९४५ मध्येच काढून घेतली होती. पोटासाठी या माजी सेनापतीने खुर्च्या व कोचांवर गाद्या-कापड चढवण्याचे काम केले. आपल्या भूमिगत सैन्याच्या आठवणी त्यांनी लिहून काढल्या. २४ ऑगस्ट १९६६ रोजी इंग्लंडमध्ये त्यांचे निधन झाले. त्याच वर्षीच्या मे महिन्यात, पॅरिसचे त्यांचे सहकारी क्रुलिकिएविच क्राकूवला वारले होते. आंद्रे वायदा यांच्या चित्रपटासाठी घोडदळाची दृश्ये बसवताना घोड्यावरून झालेल्या अपघाताच्या जखमांतून ते उठलेच नाहीत. १९२४ च्या संघातील दोन स्वार एकाच वर्षी गेले, एक मायदेशी आणि एक परदेशी.

कोमोरोव्स्कींच्या अस्थी २०१३ मध्ये वॉर्साला आणून पोवोंझ्की येथील लष्करी दफनभूमीत ठेवण्यात आल्या. दरवर्षी १ ऑगस्टला सायंकाळी पाच वाजता त्या शहरात भोंगे वाजतात, वाहने थांबतात, माणसे जागच्या जागी उभी राहतात. पण वाद मिटलेला नाही. जनरल आंडर्स यांच्यासारख्या पोलिश सेनानीनेही उठावावर कठोर टीका केली होती, आणि आजही पोलंडमध्ये घरोघरी या प्रश्नावर दोन मते सापडतात.

आपण परक्यांनी त्यात निवाडा देऊ नये. एवढे मात्र म्हणता येईल की एका आज्ञेवरून माणूस तोलताना त्याच्या पूर्वीच्या आणि नंतरच्या वर्षांनाही पारड्यात जागा द्यावी. कोमोरोव्स्कींनी चूक केली असेल, तर ती मोठी होती आणि तिची किंमत ज्यांनी मोजली, त्यांना कुणी विचारले नव्हते. ही गोष्ट त्यांच्या शौर्याने पुसली जात नाही. पण आज्ञा दिल्यावर ते मैदान सोडून गेले नाहीत. हाताखालच्यांबरोबर गटारातून गेले, कैदेत गेले, दारिद्र्यात राहिले. पॅरिसच्या सव्विसाव्या क्रमांकावरही त्यांनी घोडा अर्ध्यावर सोडला नव्हता. तळ्याचा तळ त्यांना दिसला नाही, हे खरे. मात्र त्या पाण्यात ते आपल्या माणसांसोबत उतरले होते, हेही तितकेच खरे.